पुणे ते मेढा, आणि पुढची अकरा किलोमीटर खडी

मेहुण्याचा फोन आला तेव्हा तो मोटरसायकलच्या शोरूममध्येच उभा होता. "दाजी, हिमालयन घेतोय. चाळीस पीएस. टोकन देऊ का?"

मी विचारलं, "पाय टेकतात का?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "एक टेकतो."

"मग टोकन राहू दे. रविवारी घरी ये."

ही फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. हिमालयन म्हणजे रॉयल एनफील्डची मोटरसायकल, आणि पीएस म्हणजे इंजिनाची ताकद, जवळपास हॉर्सपॉवरच. गाडी पाडव्याला दारात आली, पण ती हिमालयन नव्हती. मधल्या सहा आठवड्यांत आम्ही काय मोजलं, काय चालवून पाहिलं आणि कुठे चुकलो ते सगळं इथे लिहितो आहे. कारण "हायवेलाही चालेल आणि कच्च्या रस्त्यालाही" अशी गाडी मागणारे निम्मे लोक मला याच प्रश्नावर अडकलेले दिसतात, आणि सगळे सुरुवात इंजिनापासून करतात.

आधी माणूस. वय ४१, उंची पाच फूट चार इंच, वजन ६३ किलो. राहायला कात्रजला. आई-वडील जावळी तालुक्यात, मेढ्याच्या वर डोंगरातल्या एका वाडीत. वडिलांचे गुडघे गेलेले, त्यामुळे महिन्यातून तीन शनिवार तरी हा गावी जातो. जाताना औषधं आणि किराणा, येताना तांदळाचं पंधरा-वीस किलोचं पोतं. महिन्यातून एकदा मागे बायको. तोपर्यंत हे सगळं अकरा वर्षांच्या एका सव्वाशे सीसीच्या गाडीवर चाललं होतं. ती हायवेला पंच्याहत्तरच्या वर गेली की हँडलला मुंग्या यायच्या, आणि गावाकडच्या चढावर इंजिनाचं पोट दगडाला घासायचं. बजेट ऑन-रोड पावणेतीन लाख.

मी त्याला पहिलं काम दिलं ते यूट्यूब बंद करण्याचं. दुसरं, चार फेऱ्यांची नोंद ठेवायची. कुठल्या रस्त्याला किती किलोमीटर, किती मिनिटं, आणि पोटात गोळा आला त्या जागी फुली. त्याने खरंच डायरीच्या मागच्या पानावर लिहून आणलं, फुल्यांसकट.

एका बाजूचा प्रवास १२१ किलोमीटर. त्यात कात्रज ते पाचवड फाटा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८, साधारण ८५. पाचवडवरून कुडाळमार्गे मेढा आणि पुढे डांबर संपेपर्यंत २५. उरलेली ११ किलोमीटर खडी. अंतराच्या हिशेबात खडी नऊ टक्के. पण तीन तासांच्या प्रवासात ती चाळीस मिनिटं खाते, म्हणजे वेळेच्या बावीस टक्के. आणि चार वेळा जाऊन-येऊन मारलेल्या सतरा फुल्यांपैकी अकरा त्या खडीवरच्या. चार हायवेवरच्या, त्यातल्या तीन उसाच्या ट्रॉल्यांच्या.

या पानावर खरं तर निम्मा निकाल लागला होता. आम्हाला तो नीट वाचता आला नाही, ते पुढे येईलच.

खडी म्हणजे काय तेही सांगतो, कारण "ऑफरोड" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लडाख येतं. पहिले चार किलोमीटर म्हणजे उखडलेलं डांबर. खड्ड्यांच्या कडा धारदार, मधे मधे जुना रस्ता. पुढचे पाच किलोमीटर अंथरलेली मोठी खडी, लिंबाएवढे दगड, रोलर नीट न फिरवता ठेकेदार निघून गेलेला. शेवटचे दोन किलोमीटर तांबडी माती, दोन आवळ वळणं आणि चढ. उन्हाळ्यात तिथे चाकाखाली पावडर, आषाढात लोणी. उड्या मारायच्या जागा कुठेच नाहीत. लागतं ते पंधरा-वीसच्या वेगाने न पडता जाणं.

हायवेचंही असंच. दुचाकीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बंद, समृद्धी बंद. म्हणजे आपल्या वाट्याला येतात ते ४८ आणि ६६ सारखे रस्ते, ज्यांवर उलट्या दिशेने येणारी मोपेड, दुभाजकातून उडी मारणारं कुत्रं आणि नोव्हेंबर ते मार्च मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलला कमाल वेग ताशी ८० आहे. सगळे पाळतात असं मी म्हणत नाही. पण बायको मागे आणि तांदूळ कॅरिअरला असताना हा माणूस नव्वदच्या वर जाणार नाही, हे त्यानेच कबूल केलं.

मग चाळीस पीएस कशाला? वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. ८० वरून १२० ला जायचं तर वेग दीडपट, पण ताकद तिपटीहून जास्त. मोठं इंजिन मुख्यतः त्या वरच्या पट्ट्यासाठी लागतं. ८० ला निवांत चालायला त्याच्या निम्मीही ताकद लागत नाही. लागते ती एकाच ठिकाणी: खंबाटकीच्या चढाला ट्रकमागे चाळीसवर अडकलेलं असताना, पुढे मोकळं दिसलं की पटकन सत्तरला पोचायला. तेवढी हवीच, कारण ट्रकच्या बाजूला घालवलेला प्रत्येक जास्तीचा सेकंद वाईट.

आता गाड्या. केटीएम ३९० अॅडव्हेंचरचा निकाल दोन मिनिटांत लागला: किंमत बजेटबाहेर, आणि तिचा तापट स्वभाव या माणसाच्या स्वभावाला जुळणारा नाही. उरल्या चार. नवी हिमालयन ४५०, वापरलेली जुनी हिमालयन ४११, हिरोची एक्सपल्स आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. एक्सपल्स २१० जानेवारीत जाहीर झाली होती, पण आम्हाला चालवायला मिळाली नाही. म्हणून तिच्या आधीचं मॉडेल, एक्सपल्स २०० फोर-व्ही, धरलं. माझी स्वतःची गाडी तीच आहे, तेव्हा माझं माप तिच्या बाजूने जरा झुकतं होतं हे आधीच सांगून ठेवतो.

कात्रजच्या मागे एका प्लॉटिंगचा कच्चा रस्ता आहे. एका रविवारी सकाळी तिथे माझी एक्सपल्स, मित्राची हिमालयन ४५० आणि एका ओळखीच्याची व्ही-स्ट्रॉम अशा तीन गाड्या उभ्या केल्या. सोबत घरातली एक जुनी गादी नेली होती.

गादी कशाला, ते मित्राला कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. गाडी तिच्यावर आडवी करायची आणि मेहुण्याने एकट्याने उचलायची. कारण वाडीच्या रस्त्याला शनिवारी संध्याकाळी सातनंतर माणूस भेटत नाही. एक्सपल्स, साधारण १५८ किलो, पहिल्या झटक्यात उठली. व्ही-स्ट्रॉम १६७ किलो. पहिल्यांदा नाही, मग सीटला पाठ लावून, गुडघ्यात वाकून, पायांच्या जोरावर उठवली. हिमालयन १९६. अर्ध्यावर आली, थरथरली आणि परत गादीवर बसली. तीन वेळा. व्ही-स्ट्रॉम आणि हिमालयनमधला फरक २९ किलोचा, म्हणजे अर्ध्या सिमेंटच्या गोणीहून जास्त. कागदावर वाचताना तो काहीच वाटत नाही. मेहुणा कपाळ पुसत म्हणाला, "दाजी, हिला पाडायचीच नाही असं ठरवलं तर?" मी म्हटलं, तसं सगळेच ठरवतात.

दुसरी चाचणी पायांची. शोरूमच्या फरशीवर सगळ्यांचेच पाय बरे टेकतात. आम्ही डाव्या बाजूला एक वीतभर खोल चर होती तिथे गाड्या उभ्या केल्या, म्हणजे उतरताना पाय ज्या बाजूला टाकायचा तिथेच जमीन नाही. सीटची उंची आकड्यात जवळपास सारखी: एक्सपल्स ८२५ मिलिमीटर, हिमालयन ८२५, व्ही-स्ट्रॉम ८३५. पण आकडा खोटं बोलतो. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आखूड होतो. स्प्रिंग मऊ असेल तर माणूस बसल्यावर गाडी खाली जाते. ६३ किलोच्या माणसाला हा स्प्रिंगचा फायदा कमीच मिळतो, म्हणून आम्ही मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सैल करून पाहिला. हलक्या दोन्ही गाड्या चरीच्या काठावर एका पायावर तोलल्या गेल्या. हिमालयन तोलली जात होती तोवर ठीक, एकदा कलली की मात्र त्याच्या हाताबाहेर.

हिमालयनवर अन्याय नको म्हणून सांगतो, खडीवर चालताना तिन्हींत सगळ्यात शांत तीच होती. पुढचं चाक २१ इंची, दोन्हीकडे २०० मिलिमीटर दबणारं सस्पेन्शन, जमिनीपासून २३० मिलिमीटर उंच, आणि इंजिन हळू फिरत असतानाही भरपूर टॉर्क, म्हणजे ओढ. मोठं चाक दगडात अडकत नाही, त्याच्यावरून चढून जातं. पाच फूट दहा इंचांचा माणूस असता आणि बजेट असतं तर हा लेख इथेच संपला असता.

जुनी ४११ हा मला वाटणारा छुपा पर्याय होता. सीट ८०० मिलिमीटर, म्हणजे मेहुण्याचे दोन्ही पाय टेकणार. इंजिन संथ, २४ च्या आसपास हॉर्सपॉवर, पण ऐंशीला कुरकुर नाही. वजन मात्र १९९ किलो. दोन वापरलेल्या गाड्या पाहिल्या. एकीचं पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं तर मधोमध खाच लागत होती, म्हणजे कोनसेट, हँडल फिरतं ते बेअरिंग, गेलेला. दुसरी पुसून-पुसून चकचकीत केलेली, पण मडगार्डच्या आतल्या बाजूला वाळलेला गाळ. त्या मालकांनी गाड्या कशा वापरल्या ते त्यांनाच माहीत. वापरलेली गाडी घेऊ नये असं नाही, पण ज्याला स्वतःला पाना धरता येत नाही त्याने वापरलेल्या गाडीत आपले शनिवार गहाण टाकू नयेत, असं माझं मत.

राहिल्या दोन. मी म्हणत होतो एक्सपल्स. २१ आणि १८ इंची चाकं, पुढे १९० मिलिमीटरचं सस्पेन्शन, हलकी, स्वस्त, पार्ट कुठेही मिळणार. पडली तरी वाकवून सरळ करता येते. मेहुणा आणि त्याची बायको माझी एक्सपल्स घेऊन एका शनिवारी शिरवळपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या पाठ धरून सोफ्यावर बसल्या. मेहुणा म्हणाला, "ऐंशीला चालते, पण ऐंशीला ती कामावर असते. मी पण." १९ पीएस, दोघंजण आणि सामान. खोटं नव्हतं. अरुंद सीटवर पंच्याऐंशी किलोमीटर ही शिक्षाच आहे. मला तिची सवय झाली आहे एवढंच.

पण शेवटी पारडं फिरलं ते ताकदीवर नाही, ट्यूबवर. एक्सपल्सला तारांची चाकं, आत ट्यूब. तारांचं चाक दगडाचा फटका वाकून सोसतं, हा त्याचा मोठा गुण. पण ट्यूब पंक्चर झाली की चाक काढा, टायर लिव्हरने उचकटा, ट्यूब बाहेर काढा. शनिवारी रात्री, कच्च्या रस्त्यावर, पाना न धरणारा माणूस. व्ही-स्ट्रॉमला मिश्रधातूची १९ आणि १७ इंची चाकं आणि ट्यूबलेस टायर. मी त्याला विचारलं, गेल्या पाच वर्षांत रिम किती वेळा वाकली आणि पंक्चर किती वेळा झालं? रिम एकदाही नाही. पंक्चर सहा वेळा.

२४९ सीसी, २६.५ पीएस, सहा गिअर, १६७ किलो. खंबाटकीला दोघांना घेऊन ट्रक मागे टाकायला पुरेशी. जमिनीपासून उंची २०५ मिलिमीटर, चौघींत सगळ्यात कमी, पण त्याच्या सव्वाशेपेक्षा कितीतरी जास्त. टाकी फक्त १२ लिटर, तरी हायवेवर दर दहा किलोमीटरला पंप आहे. ३० मार्चला, पाडव्याला गाडी आली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू.

सप्टेंबरच्या २२ तारखेला साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. तो दिवस मेहुण्याच्या घरी दुखवट्यासारखा पाळला गेला. सहा महिने थांबलो असतो तर, हे पालुपद अजून चालू आहे. साडेतीनशेच्या वर त्याच दिवसापासून ४० टक्के लागले, म्हणजे हिमालयनच्या मागे लागलो असतो तरी थांबण्यात फायदा नव्हता, हे मी सांगतो. तो ऐकत नाही.

आता आमची चूक. सगळ्या चाचण्या आम्ही सपाटीवर आणि चढाला केल्या. उतारावर ब्रेक मारून कुणी पाहिलाच नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, वाडीवरून खाली येताना मधल्या खडीच्या उतारावर त्याने पुढचा-मागचा ब्रेक एकदम दाबला. वेग तीसच्या वर असावा. लिव्हर हाताखाली थडथडली आणि गाडी आहे त्याच वेगाने सरळ पुढे गेली, वळणाच्या बाहेर, चरीत. गुडघा सोलला, क्लच लिव्हर मोडली. माणूस उठला, गाडीही उठली. गादीवरची तालीम कामाला आली.

असं का झालं हे समजून घेण्यासारखं आहे. सुट्या खडीवर चाक लॉक झालं की ते पुढे दगडांचा छोटा ढीग गोळा करतं आणि त्या ढिगाला टेकून थांबतं. एबीएस चाक लॉकच होऊ देत नाही, दर वेळी सोडून देतं, त्यामुळे ढीग तयार होत नाही आणि थांबायला अंतर जास्त लागतं. ओल्या डांबरावर हीच गोष्ट जीव वाचवते. हिमालयन ४५० ला मागच्या चाकाचा एबीएस बंद करता येतो, व्ही-स्ट्रॉम एसएक्सला ती सोय नाही. हे मला माहीत होतं. खरेदीच्या वेळी मी ते बोललोही होतो, पण "पंधराच्या वेगाने जायचंय, काय फरक पडतो" असं म्हणून पुढे गेलो. डायरीतल्या खडीवरच्या अकरा फुल्या परत उघडून पाहिल्या. त्यातल्या आठ उतरतानाच्या होत्या. पानावर लिहिलेलं होतं, मी किलोमीटर आणि मिनिटं बेरजेला घेतली आणि दिशा सोडून दिली.

गाडी बदलायचा प्रश्न नव्हता, चालवण्याची पद्धत बदलली. खडी सुरू व्हायच्या आधी पहिला गिअर, उतारभर इंजिनाचाच ब्रेक, पुढच्या लिव्हरवर एक बोट, मागचा हलका. टायरमध्ये कंपनीने सांगितलेल्या हवेपेक्षा चार-पाच पीएसआय कमी. त्याहून कमी नाही, कारण ट्यूबलेस टायर रिमवरून उचकटला किंवा धारदार खड्ड्यात रिम आपटली तर हवा तिथेच जाते. डांबर लागलं की परत भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा तळहाताएवढा पंप बॅगेत. इंजिनाखाली जे प्लास्टिक होतं त्याच्या जागी मेढ्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा वाकवून बसवला. त्यावर आता सात-आठ खोल ओरखडे आहेत.

ऑक्टोबरमध्ये मागचं चाक बसलं. रात्रीचे साडेआठ, डांबर संपून दोन किलोमीटर पुढे. मला फोन केला तो मदतीला नाही, टॉर्च तोंडात धरून बोलत होता, नुसता सांगायला. मागच्या टायरमध्ये बोटभर लांब तार. पकडीने ओढली, टोच्याने भोक मोठं केलं, गोंद लावलेली स्ट्रिप आत ढकलून ओढली, वरचा भाग ब्लेडने कापला, पंप लावला. बारा मिनिटं. म्हणाला, आईने भाकऱ्या गरम ठेवल्यात, ठेवतो.

जानेवारीत अकरा हजार किलोमीटर झाले आणि मागचा टायर संपला. टायरच्या दुकानात दोघं गेलो. मी म्हणत होतो आता मागे जरा जाड ठोकळ्यांचा, कच्च्याला पकड देणारा टायर टाक. तो काही न बोलता जुना टायर उलटा करून दाखवायला लागला. मधला पट्टा पूर्ण सपाट, तळहातासारखा गुळगुळीत. दोन्ही कडांची नक्षी शाबूत, फक्त दगडांच्या बारीक चिरा. "दाजी, हा बघा, कुठे झिजलाय," तो म्हणाला, "आणि ओल्या खंबाटकीला ठोकळे किती पकडतात ते तुमच्या एक्सपल्सवर बघितलंय मी." मग त्याने दुकानदाराला आधीचाच टायर काढायला सांगितलं.